पाचवी दोरी

१२ ऑगस्ट

दुखणं: दहापैकी आठ. हात: पोटाशी बांधलेला.

ही वही लिहायची मला हौस नाही. बोईसरच्या व्यायामवाल्या दीपिका मॅडमचा हुकूम आहे. "मावशी, रोज लिहायचं. दुखणं किती, हात कुठवर गेला, आणि मनात काय आलं तेही." मी म्हटलं, मनातलं लिहिलं आणि तुम्ही वाचलंत तर मला परत दारात उभी करणार नाही. हसली. म्हणाली, मला फक्त वरचे दोन आकडे दाखवा, खालचं तुमचं तुमच्यापाशी.

वही जावयाच्या कंपनीची, गेल्या वर्षाची. वार जुळत नाहीत, तारखा जुळतात. गळ्यात अडकवलेल्या हाताच्या झोळीतून बाहेर आलेल्या बोटांनी मांडीवर ठेवून लिहितेय, म्हणजे अक्षराकडे बघायला नको. सातवी पास आहे मी, बाईंनी अक्षराला बक्षीस दिलं होतं एकदा.

ऑपरेशनला आज आठवडा झाला. उजवा खांदा. एप्रिलात वरच्या दोरीवर बोंबील टाकताना आत कट्‌ असं वाजलं. आठ दिवस तेल चोळलं, पंधरा दिवस शेकलं, मग अर्धा पाऊसकाळ घरातल्या सगळ्यांवर डाफरले. शेवटी एडवणहून माझी लेक मोनाली आली आणि मला ओढत डॉक्टरकडे घेऊन गेली. खांदा फाडला नाही. तीन बारीक भोकं, एकातून दुर्बीण आत, आणि टीव्हीवर बघत शिवण. आधी डॉक्टर आमच्या ह्यांना समजावत होते, "हाडाला धरणारी दोरी तुटलीय. हाडात बारीक नांगर टाकून तिला परत ओढून बांधायचं." आमचे हे म्हणजे वामन तांडेल, वहीत नाव घ्यायला कसली लाज. चाळीस वर्षं बोट चालवली. सगळं ऐकून एवढंच विचारलं, "नांगर निसटनार नाय ना?"

डॉक्टर म्हणाले, ते मावशींच्या हातात आहे. तेव्हापासून घरात मला कोणी कपसुद्धा उचलू देत नाही.

१९ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा

दुखणं: सहा. हात: पोटाशीच.

सगळा गाव वाजतगाजत किनाऱ्यावर, आणि मी ओट्यावर देवळातल्या मूर्तीसारखी बसलेली. येणारीजाणारी विचारते, "काय गो सुगंधाबाय, कसा हाय हात?" हात आहे तिथंच आहे बाई, जाणार कुठं.

जमना पण गेली माझ्यासमोरून. ह्यांच्या धाकट्या भावाची बायको, माझी धाकटी जाऊ. हिरवं लुगडं नेसली होती. मान वळवली नाही, मी पण वळवली नाही. पण लुगडं दिसलं. एके काळी आम्ही दोघी बोईसरच्या बाजारातून एका ताग्यातली दोन लुगडी घ्यायचो, आणि दर वर्षी दुकानदार म्हणायचा, ह्या बाईला दोन बोटं जास्त लागतील आणि ह्या बाईचं वीतभर उरेल. मी ताडमाड आणि ती हातभर. तिच्या उरलेल्या तुकड्याची मी मोनालीला झबली शिवलीत.

जाऊ दे. सहा वर्षं बोलत नाही आम्ही. मला काही फरक पडत नाही.

२ सप्टेंबर

दुखणं: पाच. हात: खाली लोंबतो, झोका घेतो.

आजचा व्यायाम म्हणजे वाकायचं, हात मोकळा सोडायचा आणि अंगाच्या हेलकाव्यानं तो फिरू द्यायचा. स्वतःहून हलवायचा नाही. बोटीवर टांगलेली बादली हलते तसा. सोपं वाटतं, पण डोळ्यांतून पाणी आलं.

शेजारच्या पलंगावर मनोरकडचा बुधा असतो. त्याच्या गुडघ्याला तशीच तीन भोकं. भातलावणीत चिखलात पाय रुतला आणि हा गर्रकन वळला. तिथंच व्यायामाला येणारा कुठल्या कंपनीतला एक भैया दोघांना धीर देतो, "चाची, छोड़ना मत." बुधा मला म्हणतो, "मावशे, माझा गुडघा आज नव्वदला गेला. तुझा हात कवा जायचा?" मी म्हटलं, तुझ्या गुडघ्याला जायचंय कुठं, खाटेवरून खाली. माझ्या हाताला पाचव्या दोरीवर जायचंय.

दीपिका मॅडम नाशिकची. तिला दोरी म्हणजे काय तेच कळेना, म्हणून सगळं सांगितलं. किनाऱ्यावर आमचं खळं आहे, तिथं गावच्या बायका बोंबील सुकवतात. दोन टोकांना बांबू रोवायचे, मध्ये आडव्या पाच दोऱ्या, त्याला वलांडी म्हणायचं. दोन बोंबील घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची, एक इकडे एक तिकडे. सगळ्यात वरची दोरी माझ्या टाचा जमिनीवर ठेवून पूर्ण वर ताणलेल्या हाताएवढी उंच. अख्ख्या खळ्यावर तेवढी उंच दोरी कोणाची नाही. वर वारा जास्त, माल दोन दिवसांत खडखडीत.

मग तिला नियम सांगितला. खळ्यावर पुढच्या रांगेत, वाऱ्याच्या तोंडाला, नऊच जागा आहेत. दत्तजयंतीच्या सकाळी खळ्यावरची सगळ्यात जुनी बाई, झुंबरआक्का, काठी टेकत तपासत फिरते. पुढच्या रांगेत जिची वलांडी घरच्या बाईच्या हातानं पाचही दोऱ्या भरलेली नसेल तिची जागा गेली, मागच्या रांगेतल्या बाईला मिळाली. मजुरीची बाई लावलेली चालत नाही, पुरुषाचा हात चालत नाही. मोठ्या बोटवाल्यांच्या बायका मजूर लावून जागा अडवायला लागल्या तेव्हा आमच्या सासूबाईंनीच हा नियम केला. आणि आमच्या घरात बाई मी एकटी.

"मागच्या रांगेत कोण आहे?" दीपिका मॅडमनं विचारलं.

कोण असणार! जमना.

१५ सप्टेंबर

दुखणं: नऊ. हात: विचारू नका.

मूर्ख बाई आहे मी, स्वतःच्या हातानं लिहून ठेवते.

हे पहाटे टोपलीभर बोंबील घेऊन आले. हंगामाचे पहिले, पांढरे स्वच्छ, आरपार दिसतील असे. मी आंघोळीसाठी झोळी काढलेली. नुसतं बघायला म्हणून टोपलीपाशी बसले. कधी दोन उचलले, कधी जबडा जबड्यात घातला, माझं मला कळलं नाही. आणि उठून उजवा हात वर! अंगणात दोरी नाही, बांबू नाही, काही नाही. हवेतच टाकायला निघाले. अशी किंचाळले की शेजारची कोंबडी उडाली.

दीपिका मॅडमचा चेहरा लाल. "मावशी, सहा आठवडे म्हणजे सहा आठवडे! लोक जिन्यावरून पडतात, मोटारसायकलवरून पडतात. हवेत बोंबील वाळत घालून खांदा मोडणारी मी पहिलीच बघतेय." डॉक्टरांनी तपासलं. नांगर जागेवर आहे म्हणाले. ह्यांनी देवापुढे नारळ फोडला आणि तीन दिवस घरात बोंबील आणायचे नाहीत असं ठरवलं.

मी काय करू? सोळाव्या वर्षी ह्या घरात आले. चुलीआधी सासूबाईंनी बोंबलाचा जबडाच हातात दिला. "दात लागतील, रडू नको. बोटांना सवय झाली की डोकं मोकळं होतं." खरंच मोकळं झालं. पुढं जमना आली, मग तर बघायलाच नको. वलांडीच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला ती. खालून भरत आणायचं. तिसरी दोरी भरली की तिचं तोंड दिसेनासं व्हायचं, नुसता आवाज राहायचा. त्या आवाजाशी मी बावीस वर्षं बोलले. कोणाचं बाळ रडतं, कोणाची सासू कडक, कोणाच्या घरी काय शिजलं. जे तोंडावर बोलता येत नाही ते बोंबलांच्या आडून बोलता यायचं. माझं दुसरं मूल पोटातच गेलं, ते मी तिला असंच सांगितलं. तिनं दोऱ्यांखालून हात घालून माझं पाऊल दाबलं तेवढं.

हे सगळं का लिहिलं मी? दुखतंय म्हणून असेल.

१८ सप्टेंबर

दुखणं: पाच. हात: भिंतीवर दुसऱ्या खुणेपर्यंत.

झोळी सुटली! नव्या बाळंतिणीसारखं हलकं वाटलं.

आता भिंतीचा व्यायाम. भिंतीला तोंड करून उभं राहायचं आणि बोटांनी खेकड्यासारखं वर चढायचं. ह्यांनी गेल्या वर्षीचा बांबू आणला, भिंतीला लावला आणि पाच दोऱ्यांच्या उंचीवर कोळशानं पाच रेघा मारल्या. रेघा मात्र अगदी सरळ मारल्या.

१४ ऑक्टोबर

दुखणं: तीन. हात: तिसऱ्या खुणेच्या वर.

दसरा झाला. खळं साफ झालं, वलांड्या उभ्या राहिल्या. ह्यांनी नवे बांबू आणले, नवी दोरी. दर वर्षीसारख्या कोयत्यानं बांबूला खाचा पाडल्या, म्हणजे दोरी सरकत नाही. मी लांबून बघत होते. जमना पण तिच्या वलांडीपाशी उभी राहून माझ्याच बांबूंकडे बघत होती. माझ्या खांद्याकडे बघितलं, मग वरच्या दोरीकडे, मग परत माझ्या खांद्याकडे. मोजत होती मेली! जागा कधी रिकामी होते ते मोजत होती.

आज लिहूनच टाकते काय झालं ते. सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी भावाकडे इथं जवळच्याच माहीमला गेले होते, हे समुद्रावर. दुपारी अवकाळी पाऊस आला. खळ्याची रीतच आहे, पाऊस आला की हातात येईल तो माल आत न्यायचा, माझा-तुझा करायचा नाही. मी धावतपळत आले तर माझ्या खालच्या चारही दोऱ्या रिकाम्या, आणि पाचवी भरलेली, चिंब भिजलेली. अडीचशेच्या वर बोंबील कुजले, खत करून टाकावे लागले. आणि खालच्या चार दोऱ्यांचा माल? जमनाच्या खोपीत! तिच्या मालाला लागून ठेवलेला. मी अख्ख्या खळ्यासमोर तिला चोर म्हटलं. म्हटलं, घ्यायचं तर सगळं घेतलं असतंस, वरची दोरी कुजवायला तेवढी ठेवलीस? चोरी पकडली गेली म्हणून मग संध्याकाळी माझ्या दारात टोपल्या आणून आदळल्या. एक शब्द बोलली नाही. वर लंगडण्याचं नाटक.

तेव्हापासून ती मागच्या रांगेत. बावीस वर्षं एका वलांडीवर होतो आम्ही.

५ नोव्हेंबर

दुखणं: दोन. हात: चौथ्या खुणेच्या वर चार बोटं.

भाऊबीज झाली, आता रबरी पट्टी ओढायचा व्यायाम. दाराच्या कडीला बांधायची आणि ओढायची. हे म्हणतात, दार उखडू नको. आज दीपिका मॅडमनं कोन मोजला. "मावशी, फाटलेला भाग मोठा होता आणि वय पण आहे. ह्याच्या वर हात जाईलच असं मी सांगणार नाही. पण दुखणं जाईल. साडी नेसाल, केस विंचराल, स्वयंपाक कराल." केस विंचरण्यासाठी भोकं पाडून घेतली का मी?

घरी येऊन भिंतीला उभी राहिले. चौथीच्या वर चार बोटं. टाचा उचलल्या, दात आवळले. चारच बोटं. पाचवी रेघ वरून बघतेय माझ्याकडे. बसून रडले. हे आले, बघितलं, परत गेले. कुठे गेले कोण जाणे, तासाभरानं आले.

असं कोणाच्या बाबतीत बघितलं होतं मी? चौथीच्या वर चार बोटं, टाचा उचलून. जमनाच तशी उभी राहायची. मी हसायचे तिला. म्हणायचे, "राहू दे गो बुटके, वरची माझी." पाचवी कायम माझीच होती. घालायची मीच, काढायची मीच, तिच्या बाजूची पण.

९ नोव्हेंबर

दुखणं: दोन. हात: तेवढाच.

खळ्यावर चक्कर मारली. जमना माझ्या वलांडीजवळून मासळीचा रिकामा क्रेट ओढत नेत होती. मला बघून थबकली आणि क्रेट पायाआड केला. काय करत होती तिथं? घरी येऊन ह्यांना म्हटलं, तुमच्या भावजयीला सांगा, मी अजून मेले नाही. हे जाळं शिवत होते. म्हणाले, "तू बोंबील घालून बग ना एकदा. भिंतीवर काय बगतेस सारखी."

२० नोव्हेंबर

दुखणं: दोन. हात: पाचवी दोरी!!!

परत लिहिते. पाचवी दोरी!

दीपिका मॅडमनं परवानगी दिली होती, एका वेळी एकच जोडी, वीस जोड्यांनंतर विश्रांती. सकाळी खळ्यावर गेले. पहिली भरली, दुसरी, तिसरी. हात भरून आला, बसले, चहा प्यायले. चौथी. मग डोळे मिटून एक जोडी वर टाकली आणि बघते तर बसली! पाचवीवर! जरा टाचा उचलाव्या लागल्या, पण बसली. दुसरी टाकली, ती पण बसली. मी तिथंच रडायला लागले. शेजारणी धावत आल्या, त्यांना वाटलं खांदा गेला.

हे किनाऱ्यावर उभे होते. मी ओरडून सांगितलं, "पाचवी!" ते समुद्राकडे तोंड करून उभे राहिले. तांडेल माणसाला बायकोसमोर रडायची लाज वाटते.

संध्याकाळी भिंतीला उभी राहिले तर चौथीच्या वर चारच बोटं. भिंतीच्या रेघा चुकल्या असणार ह्यांच्या. म्हातारपणी नजर गेली.

२८ नोव्हेंबर

दुखणं: एक. हात: पाचवी दोरी.

दीपिका मॅडमला सांगितलं, तुमचा अंदाज चुकला. तिनं परत मोजलं. कोन तेवढाच. दोनदा मोजलं, चष्मा पुसून परत मोजलं. "मावशी, खरंच पोचता?" म्हटलं, या बघायला. बुधा म्हणाला, मशीन मोडलं असंल. त्याचा गुडघा आता पूर्ण वाकतो, उकिडवं बसून दाखवलं त्यानं सगळ्यांना. भैयानं टाळ्या वाजवल्या.

७ डिसेंबर

दुखणं: एक. हात: पाचवी दोरी.

खालच्या दोरीवरचे सहा बोंबील मांजरानं ओढून नेले. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं, खालच्या दोरीला मांजराचं तोंड पोचतच नाही. ह्या वर्षी मांजरं पण उंच झालीत की काय?

१४ डिसेंबर, दत्तजयंती

पाचही दोऱ्या काल दिवसभरात भरल्या, एकटीनं. सकाळी झुंबरआक्का आली, काठी टेकत, मागे सगळ्या बाया. माझ्या वलांडीपाशी थांबली. दोऱ्या मोजल्या. मग मान वर करून बांबूंच्या शेंड्यांकडे बघत राहिली.

"बांबू लय उंच घेतलेत गो या वर्षी."

"आमचे हे आणतात मोठेच," मी तोऱ्यात म्हटलं.

"व्हय का." मग मागे उभ्या असलेल्या जमनाकडे बघितलं. "दोऱ्या पाच हायत. नेमात उंची कुटं लिवलीय? जागा सुगंधाची." आणि पुढे गेली.

सगळ्या बाया पांगल्या. माझी छाती एवढी फुगलेली की पोलकं फाटलं असतं. पाचवी दोरी मालाच्या वजनानं जरा सैल झाली होती. म्हटलं ताणून घ्यावी. गाठीला हात घातला तर सुटेना. शेपूट ह्या बाजूनं शोधतेय तर ते निघालं दुसऱ्या बाजूनं. तोंडातून आपोआप निघालं, "मेली, डावखुरी गाठ!"

बावीस वर्षं मी हेच म्हणत आले. जमना डावखुरी. तिनं मारलेली गाठ मला कधी सुटायची नाही, आणि रोज मी तिच्या नावानं ओरडायचे, आणि ती पलीकडून हसायची.

मी दोरी सोडली. वर बघितलं. दोरीच्या वर दीड वीत, बांबूला कोयत्याची खाच. रिकामी. चौथ्या दोरीच्या वर पण खाच, रिकामी. तिसरीच्या वर, दुसरीच्या, पहिलीच्या. पाच खाचा ह्यांनी पाडलेल्या, आणि पाचही दोऱ्या त्यांच्याखाली दीड वीत, दोन्ही टोकांना डावखुऱ्या गाठी.

त्या वरच्या खाचेला हात लावायला गेले. टाचा उचलल्या. बोटं दोरीच्या वर जाईनात. कितीही ओढलं तरी जाईनात. तशीच उभी राहिले किती वेळ, हात वर करून, आणि मला एकदम दिसलं. ह्याच जागेवर, टाचा उचलून, जमना. वरून पाऊस. खालच्या चार दोऱ्या तिनं काढल्यात, आणि पाचवी भरलेली, आणि तिचा हात जाईना.

देवा रे. मी तिला चोर म्हटलं.

घरी येऊन ह्यांना विचारलं, तुम्हाला माहीत होतं? म्हणाले, "त्या दिवशी तू रडत व्हतीस भिंतीशी, मी तिच्याकडंच गेलेलो. दुसरं कोनाला सांगनार. तीच बोलली, मी करते दोऱ्या खाली, फक्त बायला सांगू नका, ती तोडून टाकील."

तोडल्याच असत्या मी.

दुखणं आज लिहीत नाही. त्याला आकडा नाही.

१५ डिसेंबर

सकाळी तिच्या घरी गेले. सहा वर्षांत त्या उंबऱ्याला पाय लागला नव्हता. ती तांदूळ निवडत होती. मला बघून उठली नाही, सूप मात्र थांबलं.

काय बोलायचं ते वाटेत सगळं ठरवलं होतं, दारात सगळं विसरले. म्हटलं, "त्या पावसात, वरच्या दोरीपर्यंत तुझा हात पोचला नाय ना?"

"जेवडा पोचला तेवडं काढलं."

"क्रेट तरी घ्यायचास पायाखाली..."

"चडले ना क्रेटवर. वारा कसला व्हता. क्रेट सरकला, पाय मुरगळला. महिनाभर सुजलेला." सूप परत हलवायला लागली. "माजी खोप जवळ, म्हनून तितं ठेवलं तुजं. सांगायला येत व्हते तर तू आदीच ओरडत आलीस."

"मग बोलली का नाय गो? सहा वर्षं?"

"तू ईचारलंस कवा, बाय?"

मी तिच्यापुढे जमिनीवर बसले. म्हटलं, चुकले मी जमने. फार चुकले. ती तांदळात बोटं फिरवत राहिली. डोळ्यांतलं पाणी तांदळात पडत होतं, दोघींचं. मग पदरानं नाक पुसत म्हणाली, "आता रडून तांदूळ खारट करशील. हात कसा हाय ते सांग."

मी हात वर केला. जेवढा जातो तेवढा. तिनं उठून शेजारी उभं राहून आपला डावा हात वर केला. टाचा उचलल्या. दोघींची बोटं एका उंचीला.

"बग," म्हणाली, "इतकी वरसं मला बुटकी बोलत व्हतीस."

आणि अशी हसली की मलाही हसू फुटलं, आणि तिची सून स्वयंपाकघरातून बघायला आली की कोण मेलं.

१६ डिसेंबर

आज पहाटे बोंबील भरपूर आले. जमना मागच्या रांगेतून टोपली घेऊन माझ्या वलांडीशी आली. विचारलं नाही, सांगितलं नाही, पलीकडच्या बाजूला जाऊन उभी राहिली. मी ह्या बाजूला. पहिली भरली, दुसरी, तिसरी. तिसरी भरली तसं तिचं तोंड दिसेनासं झालं.

ह्यांनी येऊन विचारलं, आता हात बरा आहे तर दोऱ्या परत खाचेत चढवू का? मी म्हटलं, हात लावाल तर बघा. मांजराचं काय ते मी बघते.

चौथी भरली. पलीकडून आवाज आला, "बाय, तुजी मोनाली कशी हाय गो?"

सहा वर्षांचं सांगायचं होतं. मोनालीपासून सुरुवात केली.

दुखणं: एक. हात: जमनाच्या दोरीपर्यंत.